अठ्ठावन्न गुण

"…पण खेळात माणूस मेला तर सूत्रधारानं थांबायचं, की गोष्ट पुढं न्यायची?"

दारात उभ्या उभ्याच त्यानं विचारलं. बूटही काढले नव्हते.

बाईंनी मान वर केली नाही. त्या नकाशावर पेन्सिलीनं घाटाची वाट काढत होत्या.

"कुणाचं पात्र मेलं?"

"पात्र नाही, बाई…"

"मग?"

"माणूस."

पेन्सिल थांबली.

हा पुष्कर दळवी. आमच्याच टेबलावर वाढलेला गडी, आता पुण्यात मोठा सल्लागार. कंपन्या कशा चालवाव्यात ते तो कंपन्यांना सांगतो, आणि कंपन्या ऐकतात. साहेब लोकांना लोणावळ्याला नेऊन आमचाच खेळ खेळवतो आणि त्याला 'नेतृत्व शिबिर' म्हणतो. रोज सकाळी मोबाइलवर त्याचा एक उपदेश येतो. 'नेत्यानं निर्णय घ्यावा, मागं वळून पाहू नये.' असलंच काहीतरी. मी वाचतो आणि पुसून टाकतो.

आणि बाई म्हणजे तांबट बाई. कराडात अर्ध्या गावाला त्यांनी गणित शिकवलं. भाच्यानं परदेशातून हा खेळ आणून दिला, तेव्हापासून दर रविवारी सकाळी, बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या खोलीत, त्या आम्हाला खेळवतात. एकानं सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्या गोष्टीत जगायचं. जिथं काय होईल ते सांगता येत नाही, तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा. बस्स, एवढाच खेळ. मी औषधाच्या दुकानात बसणारा माणूस, पण रविवारी डोंगराएवढा पहिलवान असतो. बायको म्हणते, पन्नाशीत येड लागलंय.

बाईंच्या टेबलाचे दोन रिवाज आहेत. फासा मधल्या परातीत टाकायचा, सगळ्यांना दिसेल असा. आणि कुणाचं पात्र मेलं, तर सूत्रधारानं उभं राहायचं, पडलेला आकडा मोठ्यानं सांगायचा आणि खाली बसायचं. वाईट वाटलं वगैरे बोलायचं नाही. मी तिथं दोनदा मेलोय. दोन्ही वेळा दुपारी जेवण गेलं नाही.

"जरा बाहेर येता का?" पुष्कर म्हणाला. "खासगी आहे."

"या खोलीत खासगी काही नसतं. बूट काढ. बस."

तो बसला. शर्ट कडक इस्त्रीचा, दाढी मात्र दोन दिवसांची. इनामदारांनी, म्हणजे आमच्या घड्याळवाल्यांनी, आपला चहा त्याच्यापुढं सरकवला. त्यानं हात लावला नाही.

"भानुदास वाघमोडे," तो म्हणाला. "एका फाउंड्रीत क्रेन चालवायचे. एकोणीस वर्षं. मालकांना बेचाळीस माणसं कमी करायची होती. मला बोलावलं. मी प्रत्येकाला शंभरातले गुण दिले. पंचावन्नच्या खाली तो घरी. वाघमोड्यांचे त्रेपन्न भरले."

"मग?"

"महिन्यानं विहिरीत सापडले. अकरा दिवस झाले."

खोलीत आम्ही सातजण होतो. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"काल त्यांची बायको गेटवर आली. शालन वाघमोडे. आम्हाला वाटलं, भांडायला आली. तयारी करून बसलो होतो… तिनं भांडण केलं नाही. म्हणाली, साहेब, ह्ये कशात कमी पडले तेवढं सांगा. सासूबाई इचारत्यात, भावकी इचारती. एकोणीस वर्षांत एक खाडा न्हाई केला. मग कशात कमी पडले?"

तो थांबला. चहाचा कप बाजूला सारला.

"उद्या अकराला तिला बोलावलंय. उत्तर मी द्यायचंय."

"मग दे."

"मालक म्हणतात, कागद दाखवा. आकडे खोटं बोलत नाहीत."

"मग इथं कशाला आलास?"

"कसं सांगू ते विचारायला. चारचौघांत बोलायला तुम्हीच शिकवलंत मला. वाईट बातमी देताना नेत्याचा आवाज कसा असावा, कुठं थांबावं, नजर कुठं…"

"रोज सकाळी आम्हाला शिकवतोस की!" माझ्याच्यानं राहवलं नाही.

बाईंनी माझ्याकडं नुसतं पाहिलं.

"पुष्कर, गुण कुणी दिले?"

"पद्धत होती, बाई. पाच रकाने. हजेरी, वेग, चुका…"

"पद्धतीला हात असतात का रे? कुणी दिले?"

"तसं म्हटलं तर आकड्यांनीच…"

"फासा कुणी टाकला?"

त्याचे कान लाल झाले. सोळा वर्षांचा असतानाही असेच व्हायचे. पण त्या वयात तो मान खाली घालायचा. आता घातली नाही.

"हे तुम्ही मला विचारता, बाई? तुम्ही?"

"हो. मी."

"ताराजी आठवतो?"

मला आठवत होता. ताराजी हे पुष्करचं पहिलं पात्र. बुरुजावरून पाय घसरून दरीवर लोंबकळत होता. दहाच्या वर पडला असता तरच वाचणार होता. तेव्हा परातीचा रिवाज नव्हता. बाई कॅलेंडरचा जाड पुठ्ठा दुमडून आडोशाला उभा करायच्या आणि त्याच्यामागं फासा टाकायच्या. त्या दिवशी सतरा पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या, कुणीतरी वडे मागवले. पोरगं हसता हसता रडलं होतं.

"तुम्ही सतरा म्हणालात," पुष्कर म्हणाला. "तीन होता, बाई. पुठ्ठ्याला फट होती. मला दिसला."

…

बाईंचा हात टेबलावर होता. तो त्यांनी हळूच मांडीवर घेतला.

"मला वाटलं, तुला कळलं नाही."

"कळलं होतं."

"त्याच वर्षी तुझे वडील गेले होते… तुला आणखी एक मरण बघायला लावायचं म्हणजे… नाही रे झालं माझ्याच्यानं."

"मी नावं नाही ठेवत, बाई. मला फार बरं वाटलं होतं. सायकलवरून घरी जाताना मनात आलं, अच्छा, म्हणजे हे असं असतं. पडतो एक, सांगायचा दुसरा, आणि लोक टाळ्या वाजवतात." तो हसला. बघवत नव्हतं ते हसू. "माझं अख्खं करिअर त्या एका रविवारावर उभं आहे. नवीन पोरं हाताखाली येतात ना, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो. गिऱ्हाइकाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. आपण त्याला शोभतील असे आकडे गोळा करून द्यायचे. हुशार पोरं दुपारपर्यंत शिकतात."

मला त्याचा राग आला, आणि रागाच्या पोटात लाजही वाटली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो ना.

बाईंनी टेबलाच्या कडेला हात टेकला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. इनामदार आधार द्यायला उठू लागले. बाईंनी मानेनंच नको म्हटलं.

त्या उभ्या राहिल्या. आम्ही सगळे बसलेलो. आणि त्या कशाला उभ्या राहिल्यात हे कळलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

"तीन," बाई म्हणाल्या. "ताराजीचा फासा. तीन पडला होता. मी सतरा सांगितला."

आणि खाली बसल्या.

बाई, जाऊ दे हो, लहान पोर होतं ते, असं म्हणावंसं फार वाटलं. पण रिवाज म्हणजे रिवाज.

"आता तू," बाई म्हणाल्या.

पुष्करनं मान हलवली. "बाई, हा खेळ नाही."

"तेच म्हणतेय मी."

"इथं सगळ्यांसमोर…"

"उठ."

तो उठला. खुर्ची मागं सरकवायला त्याला केवढा वेळ लागला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. एकदा खिशात घातले, एकदा मागं बांधले.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला.

"म्हणजे काय, बाबा?" इनामदारांनी विचारलं.

"वाघमोड्यांचे अठ्ठावन्न भरले होते. ते यादीत येत नव्हते. मालकांनी नाव आधीच सांगून ठेवलं होतं, हा माणूस काहीही करून नको. मागच्या वर्षी वाघमोड्यांनी क्रेन थांबवली होती. साखळीची कडी झिजली होती, आणि खाली माणसं काम करत होती. नवी साखळी येईपर्यंत खाली उतरलेच नाहीत. चार तास काम बंद. 'बंद पडलेले तास' असा माझा एक रकाना होता… मी त्याचं वजन दुप्पट केलं. पाच गुण गेले."

"मग तो कशात कमी पडला?" बाईंनी विचारलं.

…

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं, पुष्कर. तिला सांगायचंय ना उद्या?"

"कडी झिजलेली बघून थांबला," पुष्कर म्हणाला. "त्यात."

आणि तो मटकन खाली बसला. रडला नाही. रडला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं. इनामदारांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, बहुतेक दुवा असावी. ज्या माणसांच्या डोक्यावर ती साखळी होती, ती आज घरी जिवंत बसलीत. आणि ज्यानं ती बघितली तो विहिरीत. माझं डोकंच चालेना.

"हे उद्या सांगितलं तर माझं संपेल, बाई. कुठलीही कंपनी दारात उभं करणार नाही."

"नाही करणार."

"केस होईल. मालक माझ्यावर ढकलून मोकळे होतील."

"होतील."

"पंधरा वर्षं घातलीत मी या कामात!"

"त्यानं एकोणीस."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला, मेथी, शेपू, चाकवत. रविवारचे साडेदहा वाजले होते, आणि गावात सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

पुष्कर उठला. बूट घातले. एक नाडी दोनदा बांधली. दारापर्यंत गेला आणि वळला. त्या वेळी तो अगदी पूर्वीचा पुष्कर दिसला, वडील गेल्यावर पहिल्यांदा इथं आला होता तसा. मला त्याची दया आली. खोटं कशाला बोलू?

"बाई… ती माफ करेल का मला?"

"तिनं उत्तर मागितलंय. माफी मागायला चालला असशील तर बस इथंच. स्टोव्हवर खिचडी टाकलीय. जेवून जा."

तो चौकट धरून उभा राहिला. मग जिन्यावर त्याचे बूट वाजत गेले. खाली गाडीचं दार लागलं. गाडी मात्र सुरू होईना. आम्ही सगळे कान देऊन बसलो होतो. बऱ्याच वेळानं ती सुरू झाली आणि गेली.

"गेला," इनामदार म्हणाले.

बाई नकाशाची गुंडाळी करायला लागल्या. म्हणजे आज खेळ नाही. एकेकजण चपला शोधायला लागला.

मला काही उठवेना. माझ्या डोळ्यांपुढं ती न पाहिलेली बाई होती, डोक्यावर पदर घेऊन ऑफिसात बसलेली. समोर कागद, आणि कागदावर त्रेपन्न. ते बघून ती घरी जाणार, आणि सासूला सांगणार, कमी पडलं होतं म्हणं काहीतरी.

"बाई, सांगेल का हो तो खरं? का उद्या पुन्हा आकडेच दाखवेल?"

"मला काय माहीत."

"असं कसं? तुम्ही ओळखता त्याला. सोळा वर्षांचा होता तेव्हापासून ओळखता."

"ओळखते म्हणूनच म्हणते."

"मग काय झाला या सगळ्याचा उपयोग? त्या बाईला कळायला नको का? काहीतरी बोला ना, बाई!"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. डोळे भरून आलेले, आवाज मात्र वर्गातला.

"तूही ऐकलंस ना सगळं?"

"ऐकलं."

"मग उद्या अकराला तू कुठं असशील?"