पान रंगेपर्यंत

"मग साहेब बसला का त्या गाडीत?"

हेच विचारायचंय ना? हमाल संघाच्या पुस्तकात घालायचं म्हणून चार दिवस मागं लागलाय. चौथी नापास माणूस मी, मला कशाला छळता. एकदाच लिहितो. मला चारचौघांत ऐतखाऊ म्हणणाऱ्या, अजून माफी न मागितलेल्या माणसाचं नाव शेवटी येईल. तोवर नुसता साहेब, आमच्या गोदामाचा मॅनेजर.

शिरोलीच्या गोदामात आमचे मुकादम बाबालाल तांबोळी. सगळे चाचा म्हणायचे. गाडीत मालाची थप्पी लावायला मला त्यांनीच शिकवलं.

पूर्वी गाठी, पेट्या, डबे यायचे. सहा जणांत दिवसाला एक गाडी. प्रत्येक नग हातात तोलायचा. जड खाली, हलका वर. भरून झाली की थप्पी लावणाऱ्यानंच तिला पाठ टेकून बसायचं. ड्रायव्हर इंजिन चालू करणार, गाडी थरथरणार. तोंडातलं पान रंगेपर्यंत उठायचं नाही. मगच गाडी सुटायची.

मग पट्टा आला. खोकी त्याच्यावरनं येतात, येतील तशी. हलकं आधी, जड मागनं. गाडीला दोन माणसं. मनगटावर मशीन. हात थांबला की डोक्यावर लाल दिवा. बसणं बंद.

त्याच वर्षी चिपळूणला माल उतरवणाऱ्या धोंडिबा शेलारनं गाडीचं दार उघडलं आणि थप्पी छातीवर आली. तो उठला नाही.

ती गाडी मी भरली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी परत बसायला लागलो. भीतीनं, दुसरं काय. मशीननं चुगली केली, आणि साहेब मला सगळ्यांदेखत ऐतखाऊ बोलला.

चाचा तिथंच होते. चिपळूणची पुढची गाडी भरून उभी होती.

"चाचा," साहेब म्हणाला, "या बसण्यात काय विद्या आहे, एका वाक्यात सांगा. मशीनमध्ये घालतो."

चाचांनी चंचीतनं पान काढलं, चुना-कात लावला, घडी करून त्याच्या हातात दिलं.

"तोंडात ठेवा. आत बसा."

"मी?"

"विद्या पाहिजे ना?"

हसतच बसला. पाठ टेकली. चाचांनी ड्रायव्हरला खूण केली. इंजिन धडधडायला लागलं.

"काय कळतंय?"

"काय कळायचंय? उकडतंय."

...

"आता?"

"मागं... काहीतरी सरकतंय."

तो उठायला लागला.

"हलू नका," चाचा हळूच म्हणाले. "आता तुमच्या पाठीनं धरलंय ते."

इंजिन बंद झालं. साहेबाचं हसूही. मी वर बघितलं. वरच्या रांगेत पाण्याच्या मोटारी, खाली उशांची खोकी, चेपलेली. एक मोटार दोन बोटं बाहेर आलेली. बरोबर त्याच्या डोक्यावर.

"गोत्या, घोडी लाव," चाचा मला म्हणाले.

घोडीच्या पायऱ्या चढलो. डोळ्यांपुढं धोंडिबा. मोटारीला दोन्ही हातांनी कवळ घातली आणि तसाच थांबलो. थप्पीचा अंदाज येईना.

मनगटावर मशीन बोंबलायला लागलं. लाल दिवा लागला.

"दिवा लागला, साहेब."

"लागू दे... गोतीराम, सावकाश. बाबा, सावकाश."

एकेक मोटार खाली दिली. चाचांनी झेलली. सातवी उतरली तेव्हा साहेब रांगत बाहेर आला. सदरा पाठीला चिकटलेला.

थप्पी सगळी काढली. मोटारी खाली, उशा वर, हातानं तोलून पुन्हा लावली. दिवा तेवढा वेळ लालच होता. बंद करा म्हणून कुणी ओरडलं नाही.

"झालं ना, चाचा?" साहेबानं लांबूनच विचारलं. "सोडू गाडी?"

चाचा त्याच्याजवळ गेले.

"तोंड उघडा."

उघडलं. गालात पान तसंच होतं. हिरवं. घडीसुद्धा मोडली नव्हती.

चाचांनी ड्रायव्हरला इंजिन चालू करायची खूण केली आणि गाडीच्या उघड्या दाराकडं हात केला.

"रंगलं नाही अजून. बसा, निनादराव कुळथे."