साळूबाईचा पाय

भक्तहो, शेषानंद महाराज तेव्हा तांबुळवाडीत, विहिरीजवळच्या मठीत राहत होते. गावात साळूबाई कोष्टीण नावाची एक विधवा होती. दिवसभर माग चालवावा आणि वर्षाकाठी एक धोतर विणून महाराजांच्या चरणी ठेवावे, एवढाच तिचा परमार्थ!

एकदा तिच्या नडगीवर फोड आला. तो फुटून जांभळ्या काठाची जखम झाली. अप्पाशास्त्री वैद्यांनी ती खरवडली, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट झाली. पुन्हा खरवडली, पुन्हा वाढली. शास्त्रीबुवांच्या हाताला गुण होता, पण ताठाही काही कमी नव्हता. ते म्हणाले, "सड लागली आहे. उद्या पाय गुडघ्यातून काढायचा, नाहीतर गावभर लागण होईल."

पाय गेला तर मागाच्या पावड्या कोण दाबणार? साळूबाई रडत, खुरडत मठीत आली. मागोमाग वैद्यही आले आणि हसून म्हणाले, "धोतरं वाहून रोग बरे होत असते, तर आम्ही औषधं कशाला कुटली असती?"

महाराजांनी तो वाहता पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. केवढी ही माया! मग त्यांनी विचारले, "शास्त्रीबुवा, हिच्या दंडावर हा नवा फोड कसला?"

"काल रक्त पाहायला तिथे सुई..." वैद्य बोलता बोलता थांबले. नेमका सुईच्या जागी तोच जांभळा काठ उमटला होता.

महाराज म्हणाले, "ही सड नव्हे. हिचं अंग हिच्यावरच रुसलंय. रुसलेल्याला टोचून कोणी समजूत काढतं का? एकवीस दिवस लोखंड लावू नका." त्यांनी जखमेवर तीर्थ शिंपडले आणि नेसत्या धोतराचा काठ फाडून सैल पट्टी बांधली.

वैद्यांना ते पटले नाही, पण चैनही पडेना. ते रोज येऊन पाहू लागले. तिसऱ्या दिवशी ठणका थांबला. एकविसाव्या दिवशी नवी कातडी धरली. माझ्या माउलीने पाय राखला!

वैद्यांनी मठीत येऊन महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, पाय कापला असता तर तिथेही सुईच्या जागेसारखीच जखम उमटली असती. कापत कापत मी हिला स्मशानात पोचवलं असतं!"

साळूबाई हात जोडून म्हणाली, "आसं नगा बोलू, शास्त्रीबुवा. पट्टी म्हाराजांनी बांधली, पर रोज बगाया तुमीच आलासा. त्ये उपकार कसं इसरू?"

ते ऐकून अप्पाशास्त्र्यांना हुंदका आवरेना. "साळूबाई, तुझ्या धोतरांना मी हसलो. त्यामागचं तुझं मन मला कळलं नव्हतं," असे म्हणून ते तिच्यापुढेही वाकले.