आवळ्यापर्यंतची शर्यत

एका जंगलात नदीच्या काठाने चितळांचा एक कळप राहत असे. त्या कळपात एक जुनी पद्धत होती. थंडीत आवळे धरले, की रोज सकाळी सगळी पाडसे पाणवठ्यापासून आवळ्याच्या झाडापर्यंत शर्यत लावत. झाडावर एक म्हातारे वानर बसलेले असे. जे पाडस पहिले येईल, त्याच्या पुढ्यात ते एक टपोरा आवळा टाकी. आवळा तसा आंबटढाणच. पण मुलांनो, पहिला नंबर काढून मिळालेल्या आवळ्याची चव काय असते, ते तुम्हांला मी सांगायला नको.

कळपाच्या म्होरक्याला एकच पाडस होते. पहिल्याच शर्यतीत ते शेवटून दुसरे आले आणि दोन दिवस रुसून बसले. गवताच्या काडीला तोंड लावीना. म्होरक्याचा जीव तुटला. त्याने एकेका आईला बाजूला घेऊन सांगितले, "तुमच्या पोरांना जरा दमानं धावायला सांगा. माझं पोर फार हळवं आहे." म्होरक्याचा शब्द कोण मोडणार? दुसऱ्या दिवसापासून झाड जवळ आले, की बाकीच्यांचे पाय जड होऊ लागले. म्होरक्याचे पाडस रोज पहिले येई, रोज आवळा खाई आणि मान ताठ करून हिंडे.

एके दिवशी नदीपलीकडून एक पोरकी हरणी कळपात आली. तिच्या आईला रानकुत्र्यांनी मारले होते. तिला कुणी काही सांगितले नव्हते. ती आपली जीव खाऊन धावली आणि सहज पहिली आली. म्होरक्याचे पाडस रडू लागले. तेव्हा म्होरक्या तिला म्हणाला, "उद्यापासून तू शर्यतीत नको." हरणी मान खाली घालून बाजूला झाली. वानराला ते बघवले नाही. "म्होरक्या," ते म्हणाले, "आवळे मी वरून हवे तेवढे टाकीन. पण पायांतलं बळ काही वरून टाकता येत नाही." म्होरक्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

आठवडाही गेला नसेल, तोच वानर शेंड्यावरून "खक्! खक्!" ओरडले. रानकुत्री आली होती. कळप उधळला. त्या दिवशी कुणीही कुणासाठी पाय जड केले नाहीत. म्होरक्याच्या पाडसाला काही कळेना. सगळी आपल्या पुढे कशी? ते धापा टाकत आवळ्याच्या झाडापर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. रोजचे धावणे तिथेच तर संपत असे! "थांबू नकोस! नदीत शीर!" हरणी पुढून ओरडली. ती मागे फिरली, तिने त्याला डोक्याने ढुशी दिली आणि त्याच्या बरोबरीने धावू लागली. मागे म्होरक्या शिंगे रोखून कुत्र्यांच्या वाटेत उभा राहिला. दोघे खोल पाण्यात पोचली. काही वेळाने म्होरक्याही आला, पण त्याच्या मागच्या पायाचा लचका गेला होता.

पलीकडच्या काठावर पाडसाने विचारले, "बाबा, मी तर सगळ्यांत वेगवान ना? मग मागे कसा राहिलो?"

म्होरक्या म्हणाला, "त्यातला एकही आवळा तुझा नव्हता, बाळा. तू रडू नयेस म्हणून मीच सगळ्यांना हळू धावायला लावलं. तुला मी हरूच दिलं नाही, म्हणून तू कधी नीट धावलाही नाहीस. चूक तुझी नाही, माझी आहे."

पाडसाला फार लाज वाटली. वडिलांच्या पायाकडे बघून तर त्याला रडूच फुटले. दुसऱ्या दिवशी रानकुत्री निघून गेल्यावर कळप अलीकडे परतला. म्होरक्या लंगडत हरणीकडे गेला आणि साऱ्या कळपासमोर म्हणाला, "पोरी, मी तुझ्यावर अन्याय केला. आजपासून तू धाव, आणि सगळीच जिवाच्या आकांताने धावू देत."

पाडस त्यानंतर रोज धावले आणि रोज हरले. आवळे संपत आले, तेव्हा हंगामातली शेवटची शर्यत झाली. म्होरक्याला आता पाणवठ्यापासून झाडापर्यंत चालवत नसे. तो मागेच बसून राहिला होता. पाडस घामाघूम होऊन परत आले.

"कितवा आलास?" म्होरक्याने विचारले.

"पाचवा."

"खरा पाचवा?"

"खरा, बाबा. सहावा अगदी मागे होता. मी त्याला पुढे जाऊ दिलं नाही."

म्होरक्याने त्याचे कपाळ चाटले. त्या दिवशी पाडसाला आवळा मिळाला नाही, पण ते पोटभर गवत खाऊन बापाला टेकून झोपले.

तात्पर्य : लेकराची हार चुकवून त्याला दिलेली जीत एक दिवस त्याच्याच जिवावर उठते, मनापासून धावून हरलेले पायच अडचणीच्या वेळी कामी येतात.