रिकाम्या पंजांची घार

एका तळ्यात एक कमळपक्षी आपली चार पिल्ले घेऊन राहत होता. त्याच्या जातीत अंडी उबवायची आणि पिल्ले वाढवायची ती बापानेच. शेजारची पाणकोंबडी त्याला त्यावरून चिडवायची, पण त्याचे सारे लक्ष पिल्लांवर असे.

तळ्यावर घार दिसली की टिटवी ओरडायची. मग सगळी पिल्ले धावत लव्हाळ्यात शिरायची. तिथे एक उंच राखी बगळा उभा असे. "घाबरू नका, माझ्या पायांशी या," तो म्हणायचा. वयाने मोठा, शांत, मासे खाऊन राहणारा. सगळे त्याला मानाने बगळेबुवा म्हणत.

त्या उन्हाळ्यात पाणी आटले, मासे संपत आले. घार येऊन गेली की पाणकोंबडीचे एखादे पिल्लू दिसेनासे व्हायचे. "त्या मेल्या घारीनं नेलं," म्हणून ती रडायची.

एकदा कमळपक्ष्याने परत जाणाऱ्या घारीकडे नीट पाहिले. तिचे पंजे रिकामे होते. मग पिल्लू गेले कुठे?

दुसऱ्या दिवशी टिटवी पुन्हा ओरडली. एकच धांदल उडाली.

"बगळेबुवांकडे चल," पाणकोंबडी म्हणाली, "उघड्यावर थांबलास तर चारही गमावशील."

घारीची सावली पानांवरून सरकत जवळ आली. कमळपक्ष्याने चारही पिल्ले पंखांखाली घेतली आणि पानापानांवरून उलट दिशेला धूम ठोकली. एका मोठ्या कमळपानाखाली तो शिरला. घार डोक्यावरून सर्रकन निघून गेली.

त्याची नजर मात्र लव्हाळ्यावर होती. बगळ्याची मान हळूच खाली वाकली.

"अगं, तुझं पिल्लू बगळ्याच्या चोचीत आहे," तो जिवाच्या आकांताने ओरडला.

मग काय विचारता! टिटवी बगळ्याच्या डोळ्यांवर झेपावली, पाणकोंबडी त्याच्या पायांना भिडली, बदके चहूबाजूंनी तुटून पडली. बगळ्याची चोच उघडली आणि पिल्लू चिखलात पडले. भेदरलेले, पण जिवंत. बगळा उडाला तो पुन्हा त्या तळ्याकडे फिरकला नाही.

पाणकोंबडीने पिल्लाला पोटाशी धरले. "आधीची सगळी मीच धाडली होती रे त्याच्याकडे," ती म्हणाली.



तात्पर्य: शत्रूला भिऊन पळावे जरूर, पण ज्याच्या आसऱ्याला जायचे त्याला आधी पारखून घ्यावे.