सुगरणीच्या घरातला काजवा

फार वर्षांपूर्वी विहिरीवरच्या बाभळीला एका सुगरणीचं घरटं लोंबत होतं. तिची तीन पिल्लं संध्याकाळ झाली की चिवचिवून घर डोक्यावर घ्यायची. वैतागून तिने एक काजवा आणला आणि ओल्या चिखलाने घरट्याच्या भिंतीला चिकटवला. तो लुकलुकायला लागला, तशी पिल्लं चिडीचूप झाली. सुगरण स्वतःवरच खूश झाली.

पण पिल्लं गप्प झाली तरी झोपेनात. रात्रभर काजव्याकडे टक लावायची आणि सकाळी उडायला शिकवायला न्यावं, तर फांदीवरच पेंगायची. शेवटी काजवाच कुरकुरला, "ताई, मला सोड गं. यांच्यापायी मलाही विझता येत नाही."

सुगरणीने चोचीने चिखल फोडला. काजवा उडाला आणि पिल्लांनी भोकाड पसरलं. काही सुचेना म्हणून तिने तिघांना पंखाखाली ओढलं.

"तुमच्या डोक्याखालचं हे पातं कुठून आणलं, माहितीये?"

"कुठून?" धाकटं मुसमुसत म्हणालं.

"उसाच्या फडातून. तिथे एक बोका दबा धरून बसला होता..."

घरटं वाऱ्यावर झुलत होतं आणि सुगरणीचा आवाज हळूहळू उतरत होता. बोका उसातून बाहेर यायच्या आत तिघंही झोपली.

दुसऱ्या संध्याकाळी घरट्याच्या तोंडाशी कुणीतरी लुकलुकलं.

"आता काय राहिलं तुझं?" सुगरणीने विचारलं.

"काल बाहेर बसून ऐकत होतो," काजवा लाजत म्हणाला. "त्या बोक्याचं पुढे काय झालं?"

"आधी दिवा मालव आणि आत ये," सुगरण म्हणाली. "मग सांगते."