चौथा बोल्ट बसेना, टिल्लू बाहेर येईना

एक होती चिचुंद्री. उंदीर नव्हे हं, चिचुंद्री! तिचं नाक बघा, केवढं लांब! तिच्या अंगाला थोडा वास यायचा. येऊ दे. तिच्या पिल्लांना तोच वास फार फार आवडायचा.

पिल्लं कोण कोण? गोटी, बोटी, लोटी, आणि सगळ्यात शेवटचं टिल्लू.

दिवेलागण झाली की सगळी फिरायला निघत. पुढे आई. आईची शेपटी गोटीच्या तोंडात. गोटीची शेपटी बोटीच्या तोंडात. बोटीची लोटीच्या. लोटीची टिल्लूच्या. झाली झुकझुकगाडी! तुरुतुरु, तुरुतुरु!

मधेच आई थांबायची. विचारायची, "आहात ना रे?"

पिल्लं म्हणायची, "म्म! म्म! म्म! म्म!"

तोंडात शेपटी असली की असंच बोलता येतं. ओठ मिटा आणि बोलून बघा!

एकदा झुकझुकगाडी गेली जुईआत्याच्या अंगणात. अंगणात उभी होती मोटरसायकल. तिचं मागचं मडगार्ड तुटलं होतं. मडगार्ड म्हणजे मागच्या चाकावरचं छप्पर. चिखल उडाला की ते म्हणतं, "थांब! आत्याचा ड्रेस खराब करू नकोस!"

आत्याने जुनं मडगार्ड काढून ठेवलं होतं. नवं आणायला ती घरात गेली होती. बसायला म्हणून तिने एक घमेलं पालथं घातलं होतं.

घमेल्याच्या कडेला होती एक फट. फटीतून दिसला बिस्किटाचा तुकडा. कुणाला दिसला? टिल्लूला!

टिल्लूने शेपटी सोडली. सुळ्ळकन आत गेलं.

तेवढ्यात आत्या आली. घमेल्यावर बसली. धप्प! फट मिटली.

पुढे जाऊन आई थांबली. "आहात ना रे?"

"म्म! म्म! म्म!"

आणि चौथं? चौथं कुठाय?

घमेल्याखालून आवाज आला, "चीं!"

अगं बाई! तोंडात शेपटीच नाही! चिचुंद्री गर्रकन मागे वळली. गोटी, बोटी, लोटीला तिने खराट्यामागे लपवलं. आणि स्वतः निघाली, तुरुतुरु, तुरुतुरु!

गेली घमेल्याकडे.

"घमेल्या, घमेल्या, हल ना! माझं टिल्लू बाहेर येईना!"

घमेलं म्हणालं, "मी नाही हलत, जा! आत्या उठेल, तर हलेन."

चिचुंद्री निघाली, तुरुतुरु, तुरुतुरु! गेली आत्याकडे.

"आत्याबाई, आत्याबाई, उठा ना! घमेलं हलेना, माझं टिल्लू बाहेर येईना!"

आत्याच्या एका हातात नवं मडगार्ड. तोवर तीन बोल्ट लावून झाले होते. दुसऱ्या हातात चौथा बोल्ट. नाकावर काळं ग्रीस. आत्या म्हणाली, "अगं, हात काढला तर मडगार्ड लटकेल, तुटेल! मी नाही उठत, जा! चौथा बोल्ट बसेल, तर उठेन."

चिचुंद्री चढली आत्याच्या गुडघ्यावर, तुरुतुरु, तुरुतुरु!

"चौथ्या बोल्टा, चौथ्या बोल्टा, बस ना! आत्या उठेना, घमेलं हलेना, माझं टिल्लू बाहेर येईना!"

चौथा बोल्ट म्हणाला, "मी नाही बसत, जा! भोक समोर येईल, तर बसेन."

मडगार्डला होतं एक भोक. बोल्ट इकडे, तर भोक तिकडे! चिचुंद्री गेली भोकाकडे, तुरुतुरु, तुरुतुरु!

"भोका, भोका, समोर ये ना! चौथा बोल्ट बसेना, आत्या उठेना, घमेलं हलेना, माझं टिल्लू बाहेर येईना!"

भोक म्हणालं, "मी नाही येत, जा! पहिला बोल्ट सैल होईल, तर येईन."

पहिला बोल्ट होता अगदी वर. चिचुंद्री गेली वर, तुरुतुरु, तुरुतुरु!

"पहिल्या बोल्टा, पहिल्या बोल्टा, सैल हो ना! भोक समोर येईना, चौथा बोल्ट बसेना, आत्या उठेना, घमेलं हलेना, माझं टिल्लू बाहेर येईना!"

पहिला बोल्ट होता घट्ट, घट्ट, घट्ट! दात आवळून म्हणाला, "मी नाही सैल होत, जा! पाना फिरेल, तर होईन."

पाना कुठे होता? पायरीवर! पायरीवर बसली होती बनू. आत्याची छोटीशी भाची. बनूने पाना पळवला होता. ठण ठण ठण वाजवत होती.

चिचुंद्री गेली पान्याकडे, तुरुतुरु, तुरुतुरु!

"पान्या, पान्या, फिर ना! पहिला बोल्ट सैल होईना, भोक समोर येईना, चौथा बोल्ट बसेना, आत्या उठेना, घमेलं हलेना, माझं टिल्लू बाहेर येईना!"

पाना म्हणाला, "मी नाही फिरत, जा! बनू सोडेल, तर फिरेन."

चिचुंद्रीने वर बघितलं. बापरे, केवढी मोठी बनू! केवढे मोठे तिचे हात! चिचुंद्रीला भीती वाटली. नाक थरथरलं.

घमेल्याखालून आवाज आला, "चीं!"

मग कसली भीती आणि कसलं काय!

"बनूताई, बनूताई, सोड ना! पाना फिरेना, पहिला बोल्ट सैल होईना, भोक समोर येईना, चौथा बोल्ट बसेना, आत्या उठेना, घमेलं हलेना, माझं टिल्लू बाहेर येईना!"

बनू म्हणाली, "नाई शोदत, जा! झुकझुकगादी दाव, मग शोदीन!"

झुकझुकगाडी? अहो, ती तर घरचीच!

चिचुंद्री गेली खराट्यामागे, तुरुतुरु, तुरुतुरु!

"गोटी, बोटी, लोटी, चला ना! बनू सोडेना, पाना फिरेना, पहिला बोल्ट सैल होईना, भोक समोर येईना, चौथा बोल्ट बसेना, आत्या उठेना, घमेलं हलेना, आपलं टिल्लू बाहेर येईना!"

पिल्लं काय म्हणाली? "नाही जा" म्हणाली? छे! पिल्लं म्हणाली, "चल आई!"

आईची शेपटी गोटीने धरली. गोटीची बोटीने. बोटीची लोटीने. माणसांसमोर, भर अंगणात, निघाली गाडी! खराट्यामागून पायरीवर. पायरीवरून खाली. चाकाला वळसा. परत पायरीवर. तुरुतुरु, तुरुतुरु!

बनू हसली. खुदूखुदू हसली. "गादी आली!" म्हणाली आणि टाळी वाजवली.

टाळीला हात लागतात दोन. मग पाना कोण धरणार? पाना पडला. ठण्ण! थेट आत्याच्या पायाशी.

आत्या म्हणाली, "इथे होता होय पाना! अगं बाई, आणि हे काय केलं मी? पहिलाच बोल्ट घट्ट आवळून बसले! आधी सगळे सैल लावायचे, मग सगळे घट्ट करायचे. घाई नडली बघ!"

चौथा बोल्ट तिने मांडीवर ठेवला. पाना उचलला.

बनूने सोडला, पाना फिरला. किर्र किर्र!
पाना फिरला, पहिला बोल्ट सैल झाला. हुश्श!
पहिला बोल्ट सैल झाला, भोक समोर आलं. सर्र!
भोक समोर आलं, चौथा बोल्ट बसला. टुक्!

मग आत्याने सगळे बोल्ट घट्ट केले. किर्र किर्र, किर्र किर्र! मडगार्ड हलवून बघितलं. हलेना! पडेना!

चौथा बोल्ट बसला, आत्या उठली. आई गं, कंबर!
आत्या उठली, घमेलं हललं. खण्ण!
घमेलं हललं, आणि...

टिल्लू बाहेर आलं!

मिशांना बिस्किट. नाकाला बिस्किट. पोट टम्म!

चिचुंद्रीचा जीव भांड्यात पडला. तिने टिल्लूला हुंगलं. इकडून हुंगलं, तिकडून हुंगलं. रागावणार होती, पण रागवायचं राहूनच गेलं.

आत्या म्हणाली, "सांभाळून जा गं चिचुंद्री!"

बनू म्हणाली, "गादी, ता ता!"

पाना गेला डब्यात. आत्या गेली घरात. मोटरसायकल मिरवते नव्या छपरात. आणि झुकझुकगाडी निघाली बिळात. तुरुतुरु, तुरुतुरु!

बिळाच्या दारात आई थांबली. तिथे पडला होता एक बिस्किटाचा तुकडा. चांगला मोठा!

आईने हळूच विचारलं, "आहात ना रे?"

"म्म!"

"म्म!"

"म्म!"

आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठ्याने,

"म्म्म्म!"