टेकडीतली नाव

तो लांबट उंचवटा दिसतो ना, ज्यावर भुर्जाची झाडं एका रांगेत उभी आहेत? त्याच्यावर चढू नका. फोटो काढायचे तर इथूनच काढा. आमच्याकडे म्हणतात, त्याच्या पोटात एक नाव आहे, आणि ती अजून वाटेतच आहे.

मला अर्खिप म्हणतात. ही गोष्ट आजाने मला सांगितली, त्याला त्याच्या आजाने. खरीखोटी ती नदी जाणे.

तेव्हा रूस देशात मॉस्कोला कुत्रंही विचारत नव्हतं. सारा व्यापार नद्यांवरून चाले. पण आमची लोमा नदी उत्तरेला जाते आणि वेद्रा दक्षिणेला, मध्ये ही टेकडी. म्हणून नावा जमिनीवरून ओढून न्यायच्या. खाली ओंडके घालायचे, दोर खांद्यावर घ्यायचा आणि ओढायचं. आमच्या गावाचं पोट त्यावरच होतं.

ओढायची रीत अशी. म्होरक्या कडवं म्हणे, कडवं संपलं की सगळे ‘हो’ म्हणून एकदाच जोर लावत. नाव पाण्याला टेकली की शेवटचं कडवं. मध्येच गाणं तोडलं तर ती नाव पुढच्या पाण्यात माणसांसकट बुडते, अशी नदीवर जगणाऱ्या प्रत्येकाची खात्री होती. राजा असो नाहीतर चोर, गाण्यात तोंड घालायची कुणाची बिशाद नव्हती.

त्या काळी मिलोनेग नावाचा म्होरक्या होता. त्याची एकुलती एक लेक नेझ्दाना वेद्राकाठच्या गावात दिली होती. एका वर्षी, हिवाळा अगदी दाराशी आलेला असताना, लोमेवरून लुटारूंची मोठी नाव आली. नदी गोठायच्या आत त्यांना वेद्रेत उतरायचं होतं आणि खालची गावं लुटून जाळायची होती. पहिलं गाव नेझ्दानाचंच.

इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हणावं तर इथल्या पोराबाळांच्या मानेवर तलवारी. हो म्हणावं तर लेक गेली. मिलोनेगने म्हणे दोर खांद्यावर घेतला आणि गाणं सुरू केलं.

पण कडवं संपेना! त्याने त्यात टेकडी घातली, नदीतला एकेक मासा घातला, मेलेली बायको घातली, लेकीचं पहिलं पाऊल घातलं. कडवं संपेल तेव्हा नाव वीतभर सरके. लुटारूंचा नायक दातओठ खात होता, पण तोही नदीचाच माणूस. गाणं तोडायला त्याचा हात धजेना. ओढणारे रडत होते आणि ‘हो’ म्हणत होते.

दिवस गेले. मिलोनेग बसला नाही, निजला नाही. माणसाच्या छातीत एवढं गाणं असतं? मला विचाराल तर नसतं. ते कुठून येत होतं, देव जाणे. आणि एका सकाळी वेद्रेकडून कडकड आवाज आला. नदी गोठली होती. नाव अजून टेकडीच्या माथ्यावरच होती. मिलोनेगने तो आवाज ऐकला म्हणतात, आणि अर्ध्या कडव्यात उभ्याउभ्याच त्याचा प्राण गेला.

गाणं अधुरं राहिलेल्या नावेला हात लावायला लुटारूही भ्याले. नावेशिवाय लूट वाहायची कशात? ती तशीच टाकून ते बर्फातून पायी परतले. गावाने म्होरक्याला नावेतच निजवलं आणि वर माती लोटली.

वसंतात बर्फ वितळला आणि नेझ्दाना आली, पोटुशी. मातीतून भुर्जाची रोपं वर आली होती. तिला पाहून ओढणारे म्हणाले, आता शेवटचं कडवं म्हणून टाकू, म्हाताऱ्याला सुटका मिळेल. त्यांनी सूर लावला तशी तिने हात वर केला.

“नको,” ती म्हणाली. “बाबांचं गाणं संपलेलं नाही. ते संपलं की ही नाव वेद्रेच्या पाण्याला लागते.”

आजही इथली लेक लग्न होऊन वेद्राकाठी निघाली की सगळं गाव त्या भुर्जांखाली ते गाणं म्हणतं आणि शेवटच्या कडव्यापाशी गप्प होतं. माझी लेक निघाली तेव्हा मीच म्होरक्या होतो. शेवटच्या कडव्यापाशी मीच हात वर केला. ते कडवं होतं कसं, असं तुम्ही विचाराल. ते आता कुणालाच येत नाही. आम्ही ते पोरांना कधी शिकवलंच नाही.